सरखेलांचे दस्तक

दर वर्षी १ फेब्रुवारीस भारतीय तटरक्षक दलाचा स्थापनादिन येतो आणि जातो. घाटमाथ्यावर राहणाऱ्या पुणेकर समाजाला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. समुद्र म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीतील हर्णै किंवा अलिबाग, एवढीच त्याची आणि समुद्राची ओळख. वस्तुतः हे दल १९७७ साली हंगामी स्वरूपात उभे राहिले आणि १९७८ साली संसदेने त्याला कायद्याचे अधिष्ठान दिले, त्यामागे कोकण व गुजरातच्या किनाऱ्यांवर राजरोस उतरणारे चोरटे सोने हे एक मोठे कारण होते. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले होते. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी आपले आणि दोनशे मैलांपर्यंतच्या संपत्तीवर हक्क आपला, असे देशाने जगाला सांगितले होते. हक्क सांगितला खरा. पण तो पाण्यावर बजावणार कोण? नौदलाचे काम युद्धाचे. कस्टम्सच्या नौका थोड्या आणि तस्करांच्या नौकांपुढे संथ. रुस्तमजी समितीने या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक स्वतंत्र दल सुचविले आणि ते अवघ्या सात नौकांनिशी पाण्यात उतरले.

समितीची शिफारस स्तुत्य होती. मात्र पाण्यावर सत्ता सांगायची, येणाऱ्या-जाणाऱ्या गलबताकडे परवाना मागायचा आणि नसेल तर ते धरून बंदरात आणायचे, ही कल्पना या किनाऱ्याला नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मुंबईच्या दक्षिणेपासून वेंगुर्ल्यापर्यंत ती एका मराठी माणसाने प्रत्यक्षात आणली होती. इंग्रजांच्या दप्तरात त्याची नोंद चाचा म्हणून झाली, मराठी राज्याच्या दप्तरात सरखेल म्हणून. कान्होजी आंग्रे यांच्या चरित्राकडे पराक्रमाची कथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. ते कायद्याच्या अंमलबजावणीची कथा म्हणून पाहिले, तर अधिक बोधप्रद आणि थोडे अडचणीचेही ठरते.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. मावळातील आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडले. म्हणजे समुद्रावर दरारा बसविणारे हे घराणे मुळात डोंगरातले, पुण्याच्याच मुलखातले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते आणि सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक झाली होती. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानतात. हर्णैच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभ्या असलेल्या त्या किल्ल्याच्या सावलीत हे पोर वाढले. भरती-ओहोटीचे गणित, वाऱ्याची दिशा, खाडीच्या मुखाशी साचणारी वाळू या गोष्टी ते कोळी-भंडाऱ्यांच्या संगतीत शिकले असणार, कारण त्या शिकविणारी दुसरी शाळा नव्हती.

संभाजी महाराजांच्या अखेरच्या काळात जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गास वेढा घातला. किल्लेदार अचलोजी मोहिते फितूर होऊन किल्ला शत्रूच्या हवाली करण्याच्या बेतात होता, असे परंपरा सांगते. तरुण कान्होजींनी साथीदारांना हाताशी धरून किल्लेदारालाच कैद केले आणि किल्ला लढविला. रायगड पडला, छत्रपती राजाराम जिंजीस गेले, देशावरचे राज्य विस्कटले. पण किनाऱ्यावरील एकेक जलदुर्ग हा माणूस राखत आणि परत मिळवीत राहिला. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर निवर्तले आणि आरमाराचे सरखेलपद कान्होजींकडे आले. राजारामांच्या मृत्यूनंतर महाराणी ताराबाईंनी त्यांचा अधिकार कायम ठेवला. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यांची मुख्य ठाणी. मुंबईच्या तोंडावर बसलेली खांदेरी ही इंग्रजांच्या घशात अडकलेल्या काट्यासारखी होती.

येथे थोडे मागे जावे लागते. समुद्रावर परवाना मागण्याची प्रथा कान्होजींनी शोधून काढलेली नाही. ती पोर्तुगीजांनी आणली. सोळाव्या शतकात गोवा, चौल आणि वसई येथे पाय रोवल्यावर त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांच्या जहाजांना कार्ताझ नावाचा कागद घेणे भाग पाडले. त्या कागदात जहाजाचे नाव, आकार, तांडेल, शस्त्रे, माल आणि जाण्या-येण्याची बंदरे लिहिलेली असत. कागद नसेल तर जहाज जप्त. ज्या समुद्रावर शतकानुशतके अरब, गुजराती, मलबारी गलबते मुक्तपणे ये-जा करीत, त्या समुद्राचे धनीपण लिस्बनच्या राजाने आपल्या नावे लिहून घेतले आणि युरोपात कोणी त्यास चाचेगिरी म्हटले नाही. पुढे डच आणि इंग्रजांनीही आपापले पास देण्यास सुरुवात केली. शिवाजी महाराजांनी आरमार बांधले ते याच जगात. समुद्रावर ज्याचा कागद चालत नाही त्याची किनाऱ्यावरची सत्ताही अर्धीच, हे त्यांनी ओळखले होते. कान्होजींचे दस्तक हे त्या जाणिवेचे पूर्णत्वाला गेलेले रूप होय.

दस्तकाची रीत साधी होती. कोकणपट्टीवरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांकडून ठरावीक रक्कम भरून परवाना घ्यावा. मग त्याला या पाण्यात कोणाचे भय नाही. परवाना नसेल तर गलबत अडवावे, तपासावे, माल जप्त करावा. ही बजावणी करणाऱ्या नौकाही त्या कामासाठी घडविलेल्या होत्या. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळेवर जड तोफा बसविलेली. गलबत हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला आणि मोठे युरोपीय जहाज पाण्यावर खिळल्यासारखे उभे राहिले, की गलबते गुराबांना दोर लावून ओढीत आणत. जहाजाच्या दोन्ही बाजूंस तोफांच्या रांगा. पिछाडी मात्र दुबळी. आंग्र्यांचे आरमार नेमके पिछाडीवर जाई. शिडे आणि डोलकाठ्या मोडल्या की माणसे वर चढत. खोल समुद्रात मात्र हे आरमार इंग्रजांच्या मोठ्या जहाजांशी सामना टाळीत असे. हा भित्रेपणा नव्हे. किनाऱ्याचा पहारेकरी किनारा सोडून जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्रजांशी खटका उडाला तो दस्तकावरूनच. मुंबईच्या पाण्यात जहाजे अडविण्याचा व तपासण्याचा अधिकार तुम्हांस नाही, हे कळविण्यासाठी कंपनीने या शतकाच्या आरंभीच आपला माणूस कान्होजींकडे धाडला होता. तो रिकाम्या हाताने परतला. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांपुरता हा वाद असता तर कदाचित मिटलाही असता. खरी गोम वेगळीच होती. मुंबई-सुरतेचे हिंदी व्यापारी आणि कंपनीचे नोकर खासगी व्यापार करीत आणि त्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली जाई. निशाण इंग्रजांचे, माल हिंदी व्यापाऱ्याचा, मार्ग मराठी किनाऱ्यालगतचा, जकात कोणाची? कान्होजी म्हणत आमची, इंग्रज म्हणत कोणाचीच नाही. एका देशाच्या माणसाने दुसऱ्या देशाचे निशाण लावून तिसऱ्याच्या दारावरून जाण्याचा हा प्रश्न आजच्या जहाजवाहतुकीतही सुटलेला नाही.

इंग्रजांच्या नैतिक संतापाला त्या काळात फारसा आधारही नव्हता. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने सुरतेकडे येणारे औरंगजेबाचे गंज-ए-सवाई हे जहाज लुटले. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंवर त्याने जे अत्याचार केले त्यांमुळे सुरतेच्या मोगल अधिकाऱ्यांनी कंपनीच्या लोकांना कोंडून ठेवले. अरबी समुद्रातील चाच्यांत इंग्रजांची संख्या थोडी नव्हती. चाचा हा शब्द अखेर कृतीवरून ठरत नव्हता; कृती करणाऱ्यामागे कोणते राज्य उभे आहे आणि ते राज्य समोरच्याला मान्य आहे की नाही, यावर ठरत होता.

तथापि कान्होजींची बाजू सर्वस्वी स्वच्छ होती असे म्हणणे हाही इतिहासाशी प्रामाणिकपणा नव्हे. १७१२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम ऐस्लाबी याची सशस्त्र नौका आणि तिच्या सोबतचे अॅन हे जहाज धरले. कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाउन त्या झुंजीत ठार झाला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. पुढील फेब्रुवारीत तीस हजार रुपये खंडणी घेऊनच तिची सुटका झाली. शत्रूच्या स्त्रियांसंबंधी शिवछत्रपतींनी घालून दिलेला दंडक ज्या राज्यात सर्वांना ठाऊक होता, त्या राज्याच्या सरखेलाने एका विधवेचे मोल घ्यावे, हे समर्थनीय नाही. यामागे व्यक्तीच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक होता. आरमाराचा खर्च भागे तो दस्तकांच्या रकमेतून आणि जप्त मालातून. केंद्राकडून नियमित पैसा नाही, वेतनाची शाश्वती नाही. पहारेकऱ्याचे पोट जप्तीवर अवलंबून ठेवले म्हणजे जप्ती केव्हा कायद्यासाठी झाली आणि केव्हा पोटासाठी, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. याची दुसरी बाजूही याच किनाऱ्याने पाहिली. श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला १९९३ च्या फेब्रुवारीत स्फोटके उतरली, तेव्हा पहाऱ्यावरच्या माणसांचे हात आधीच ओले झालेले होते. कस्टम्स आणि पोलीस खात्यांतील काही जणांवर पुढे न्यायालयात दोष सिद्ध झाला.

त्याच १७१३ सालात कान्होजींच्या आयुष्याला जे वळण मिळाले ते पुण्याच्या उंबरठ्यावर मिळाले. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठविले, तर कान्होजींनी पेशव्यालाच पकडून कैदेत टाकले आणि लोहगड घेतला. आरमाराचा अधिपती घाट चढून मावळात उतरला होता. साताऱ्यास धडकी भरली. या अरिष्टातून बाळाजी विश्वनाथ भट पुढे आले. पेशवेपदाची वस्त्रे त्यांना १७१३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळील मांजरी येथे मिळाली आणि पहिली कामगिरी होती ती कान्होजींना वळविण्याची. बाळाजींचे घराणे श्रीवर्धनचे; सिद्दीचा जाच त्यांनी भोगलेला आणि किनाऱ्याची नाडी त्यांना ठाऊक. तलवार न उपसता लोणावळ्यानजीक दोघांत बोलणी झाली. १७१४ च्या आरंभी तह झाला. कान्होजींनी शाहूंचे छत्र मान्य केले, पिंगळ्यांची सुटका झाली, आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी यांसह सरखेलपद आंग्र्यांकडे राहिले.

शाळेच्या पुस्तकात या तहाला दोन ओळी मिळतात. त्याची थोरवी त्याहून मोठी आहे. त्या दिवसापासून कान्होजींचे दस्तक हे एका बलाढ्य सरदाराचे फर्मान न राहता छत्रपतींच्या राज्याचा कागद झाले. आणि त्या कागदामागे घाटावरची घोडदळेही उभी राहिली.

त्याचा प्रत्यय लवकरच आला. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. आंग्र्यांचा नायनाट हे त्याने जणू व्रत घेतले. मुंबईभोवती तट बांधला, लढाऊ जहाजे बांधविली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर स्वारी केली, ती फसली. १७१८ मध्ये खांदेरीवर केली; तीही फसली. १७२० मध्ये पाण्यावर तरंगणारा तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्ग गाठला. निष्पन्न काही झाले नाही.

अपयशाला कोणी तरी धनी लागतो. तो सापडला रामा कामती या मुंबईच्या धनाढ्य शेणवी व्यापाऱ्यात. कंपनीच्या शिपायांची भरती करणारा, वाळकेश्वराचे देऊळ बांधविणारा हा गृहस्थ कान्होजींना सामील असल्याचा आरोप झाला. १७२० साली खटला चालला, एक पत्र पुरावा म्हणून पुढे आले, साक्षीसाठी छळाचाही अवलंब झाला. मालमत्ता जप्त झाली आणि काही वर्षांनी कामती कैदेतच मेला. ते पत्र बनावट होते, हे मागाहून उघड झाले. जे लोक कान्होजींना कायद्याबाहेरचा ठरवीत होते, त्यांच्या कायद्याचा दर्जा हा असा होता.

१७२१ च्या अखेरीस सर्वांत मोठा घाला आला. कमोडोर टॉमस मॅथ्यूज इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे घेऊन आला. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीने फौजेसह उतरला. सुमारे सहा हजारांचे हे जोडसैन्य अलिबागेत कुलाब्यासमोर उभे राहिले. दोन युरोपीय सत्ता एकत्र आल्या होत्या आणि एकट्या आंग्र्यांना हे ओझे पेलणे अवघड होते. परंतु १७१४ चा तह कामी आला. तरुण बाजीराव आणि पिलाजी जाधव घोडदळ घेऊन खाली उतरले. इंग्रजांनी तटाला शिड्या लावल्या, पण हल्ला मोडला आणि इंग्रज-पोर्तुगीजांत परस्परांवर दोषारोप सुरू झाले. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी बाजीरावांशी वेगळा तह करून अंग काढून घेतले. इंग्रज एकटे पडले आणि निघून गेले. १७२४ साली डचांनीही विजयदुर्गावर नशीब अजमावून पाहिले. त्यांच्याही पदरी निराशा आली.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी निवर्तले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. तीस वर्षे तीन-चार युरोपीय सत्ता आणि सिद्दी यांच्या गराड्यात त्यांनी आपला कागद चालविला आणि मरेपर्यंत तो चालत होता. ऐन पावसाळ्यात, गुराबा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना त्यांना मृत्यू आला, हा योगायोगच.

पुढचा भाग पुणेकरांनी वाचावा असा आणि त्यांना न आवडणारा आहे. सेखोजी अल्पायुषी ठरले. संभाजी आणि मानाजी या भावांत वाटणीचे भांडण लागले आणि ते मिटविण्याच्या निमित्ताने पेशव्यांचा हात आरमारात शिरला. विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे शूर होते, परंतु उद्दाम. पेशव्यांची आज्ञा ते मानीनात आणि स्वकीय-परकीय हा भेद त्यांच्या जप्त्यांत उरला नव्हता. त्यांना शासन करणे हा नानासाहेब पेशव्यांचा अधिकार होता, यात वाद नाही. परंतु शासनासाठी हत्यार कोणते निवडले? १७५५ च्या मार्चमध्ये रामाजी महादेव बिवलकरांमार्फत इंग्रजांशी करार झाला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, जेथे बालपणी कान्होजींनी समुद्र पाहिला तोच. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. बंदरात नांगरलेल्या गुराबांना आग लागली आणि आंग्र्यांचे आरमार एका दिवसात जळाले. लूट इंग्रजांनी वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना द्यायचे ठरलेले असताना महिनोगणती तो दिला नाही आणि अखेर बाणकोट पदरात पाडून घेऊनच सोडला.

नानासाहेबांच्या बाजूने असे सांगतात की, तुळाजींचा उपद्रव असह्य झाला होता आणि पेशव्यांचे स्वतःचे आरमार त्यानंतरही धुळपांच्या हाती विजयदुर्गास होतेच. ते खरे आहे. आनंदराव धुळपांनी नाव कमावले, हेही खरे. पण कोकणच्या पाण्यात मराठ्यांचे दस्तक घेतल्याशिवाय जाता येत नाही, ही धास्ती १७५६ नंतर परत आली नाही. आजोबांनी लोणावळ्याजवळ जो कागद राज्याचा केला, तो नातवाने आगीत टाकला, असे म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबईतील नौदलाच्या तळाला आंग्रे हे नाव मिळाले आणि १९९८ साली खांदेरी बेटास कान्होजींचे नाव दिले गेले. मुंबईवर २००८ साली समुद्रमार्गे हल्ला झाल्यावर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. नाव कोणाची, तांडेल कोण, हे पाण्यावर विचारले जाऊ लागले. दस्तकाच्या कागदाने जे विचारले जाई त्याचीच ही नवी आवृत्ती.

तटरक्षक दलाच्या इतिहासातला एक प्रसंग मात्र या चरित्राशी अधिक जवळून जुळतो. १९९९ च्या ऑक्टोबरात अलोंड्रा रेनबो हे जपानी मालकीचे जहाज ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघाले आणि चाच्यांनी ते पळविले. खलाशांना तराफ्यावर सोडून दिले, जहाजाचे नाव बदलले. नोव्हेंबरात अरबी समुद्रात तटरक्षक दलाच्या नौकेने ते गाठले, नौदलाची प्रहार ही नौका मदतीस आली आणि पाठलागानंतर जहाज पकडून चाच्यांसह मुंबईस आणले. परंतु चाचेगिरी हा गुन्हा म्हणून शिक्षा सांगणारा स्वतंत्र कायदाच तेव्हा देशात नव्हता. दंडसंहितेतली इतर कलमे जोडून खटला उभा करावा लागला. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ साली आरोपींना शिक्षा दिली. उच्च न्यायालयात २००५ साली ते सुटले. सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने संमत केला तो २०२२ च्या डिसेंबरात, म्हणजे जहाज पकडल्यानंतर तेवीस वर्षांनी. अलोंड्रा रेनबोला अरबी समुद्रात प्रथम अडविणाऱ्या तटरक्षक नौकेचे नाव ताराबाई होते.